तीन गाठींचा दोर

देसेन्झानो, २६ जुलै १८५९

चि. बोर्तोलो,

आपला तिता गेला. आधी दुसरं काहीतरी लिहावं म्हणून तीन वेळा कागद घेतला, पण हे लिहिल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही.

चोवीस जूनला सान मार्तिनोच्या टेकडीवर गेला. माझ्या दारापासून चालत दीड तास. त्या दिवशी पहाटेपासून तोफांचे आवाज येत होते आणि मी तळ्याकाठी बसून कोळ्यांची जाळी दुरुस्त करत होते. शेजारच्या बायका चर्चमध्ये पळाल्या. मी म्हटलं, आपल्या पोराची पलटण तिकडे लांब मिलानोच्या वाटेवर आहे, आपल्याला कसली भीती? त्या दिवशी मी एक अख्खं जाळं पुरं केलं. दुपारी वादळ आलं तेव्हा कुठे उठून घरात गेले. आता मला ते जाळं डोळ्यांसमोर नको वाटतं.

त्याला टेकडीखाली एका तुतीच्या झाडाशी ठेवलंय. लाकडी क्रूस आहे, त्यावर नाव आहे. मी दर रविवारी जाते. तेवढं तरी देवाने माझ्यासाठी ठेवलं.

आणि आता फ्रान्स-ऑस्ट्रियाच्या दोन बादशहांनी बसून तह केला. आमची लोंबार्दी इटलीत आली, तुमचा व्हेनेतो ऑस्ट्रियाकडेच राहिला, मधे मिंचो नदी. म्हणजे मी देशात आणि तू परदेशात! लहानपणी बाबा दोर वळायचे तेव्हा एक टोक मी धरायचे, दुसरं तू. तू नेहमी आधी सोडायचास आणि मार मी खायचे.

माझं पोर अर्ध्या देशासाठी मेलं नाही, बोर्तोलो. उरलेलं अर्धं येईपर्यंत मी ती नदी ओलांडणार नाही. ऑस्ट्रियाच्या शिपायापुढे हात पसरून, परवान्यावर त्याचा शिक्का मारून घेऊन सख्ख्या भावाच्या घरी यायचं? ही ओर्सोला नाही येणार. शपथ घेतली आहे. तूच ये.

तुझी ताई


रिवालोंगा, २० ऑगस्ट १८५९

प्रिय ताई,

प्रथम हे पत्र वेरोनात फोडून वाचणाऱ्या कारकूनसाहेबांना नमस्कार. साहेब, यात फक्त एका पोराच्या मरणाचं दुःख आहे. वाचून झालं की नीट चिकटवा, मागचं पत्र अर्धं उघडं आलं होतं.

ताई, तुझं पत्र मी घोड्यांच्या पागेत बसून वाचलं. माझ्या पोरीला, मेनेगाला सांगायला दोन दिवस लागले. सोळा वर्षांची झाली आता. आई गेली तेव्हाही रडली नव्हती एवढी रडली.

तिता नऊ वर्षांचा असताना इथे आला होता, आठवतं? नावा नदीवर ओढून नेणाऱ्या माझ्या घोड्यांत सगळ्यांत पुढच्या घोड्यावर बसायचा हट्ट धरला. घोडा बिचकला आणि स्वारी सरळ आदिजे नदीत. पुढचा दात अर्धा तुटला. 'माझ्या देखण्या पोराचं हसू घालवलंस,' म्हणून तू मला महिनाभर फैलावर घेतलं होतंस. मला मात्र त्याचं हसू म्हटलं की तो अर्धा दातच आठवतो.

यायचं मनात होतं. परवाना मागायला गेलो. तिथल्या साहेबाने वही उघडली आणि विचारलं, "भाचा शत्रूच्या फौजेत होता ना?" मी म्हटलं, "होता. आता नाही." त्याने वही मिटली. मी बाहेर आलो.

इकडे आगगाडी सुरू झाल्यापासून नावांचं काम निम्म्यावर आलंय. बारा घोडे होते, पाच राहिले. मला देशाचं फारसं कळत नाही, ताई. मला तिता कळत होता.

तुझा बोर्तोलो


देसेन्झानो, १८ ऑक्टोबर १८६३

चि. बोर्तोलो,

मेनेगाचं लग्न झालं आणि मला कळतंय कधी, तर नवरी सासरच्या चुलीपुढे बसल्यावर! आत्या म्हणजे काय भिंतीवरची तसबीर झाले का रे मी, वर्षातून एकदा पुसायला?

आणि दिलीस कुठे? नदीच्या वरच्या अंगाला, साक्कोला! तिरोलच्या मुलखात! तिथले तराफेवाले तराफ्याच्या टोकाला ऑस्ट्रियाच्या दोन तोंडांच्या गरुडाचं निशाण लावून मिरवतात हे साऱ्या नदीला माहीत आहे. इथे माझ्या पोराने त्या गरुडाची गोळी खाल्ली. वेरोनात नवरे मिळत नव्हते की सगळे आंधळे-पांगळे झाले होते?

बरं, जाऊ दे. तुला बोलून काय होणार, तू लहानपणापासून गप्प राहूनच आपलं खरं करतोस. पण आता तू एकटा पडशील, त्याचा विचार केलास का? एकटं राहणं काय असतं ते मला विचार. एका माणसापुरता मक्याचा पोलेंटा शिजवताच येत नाही. कितीही कमी पीठ घेतलं तरी उरतो. मग दुसऱ्या दिवशी तोच भाजून खायचा, आणि समोर कोणी नाही.

पोरीला माझा आशीर्वाद सांग. तिच्या आत्याने एक बारीक विणीची शाल केली आहे, पण नदीपलीकडे पाठवायची तर तुमचे शिपाई उलटीसुलटी करून बघणार. ती माझ्याजवळच राहील. देश एक झाला की मीच खांद्यावर टाकून आणीन.

तुझी ताई


रिवालोंगा, ११ नोव्हेंबर १८६३

प्रिय ताई,

आज सान मार्तिनो संताचा सण. नवी वाइन फोडली, चेस्टनट भाजले, आणि टोपलीभर खाणार कोण म्हणून शेजाऱ्यांना वाटले. तुझं पोलेंटाचं म्हणणं पटलं.

गरुडाचं म्हणशील तर जावयालाच विचारलं. जेर्वासिओ म्हणाला, "मामा, ते निशाण लावलं की जकातवाले सोडतात. उद्या कोंबड्याचं निशाण लावून सोडणार असतील तर आम्ही कोंबडा लावू." (साहेब, हे वाक्य तुम्ही वाचलं नाहीत असं समजा.)

साक्कोला का दिली, त्याचं कारण सांगतो. तिथले लोक आपल्यासारखंच बोलतात, आपल्यासारखंच खातात, आणि नदी एकच. सकाळी तिथून निघालेला तराफा संध्याकाळच्या आत माझ्या घाटाशी येतो. मधे सरहद्द नाही, परवाना नाही. तुझ्यामाझ्यामधे जे जे आहे ते तिच्यामाझ्यामधे नाही, म्हणून दिली.

मेनेगाला लिहिता येत नाही. अक्षरं गिरवून घ्यायला मला तू होतीस, तिला कोणी नव्हतं. मग तिने एक युक्ती काढली आहे. तराफा सुटायच्या आधी ती मागच्या ओंडक्याला वीतभर दोराचा तुकडा बांधते. त्यात बाबांच्या पद्धतीच्या गाठी, अंगठा घालून मारलेल्या. पहिली गाठ म्हणजे मी बरी आहे. दुसरी म्हणजे तो बरा आहे. खाली तिसरीची जागा मोकळी, ती देव देईल तेव्हा. तराफा काठाला लागला की मी पुढे होतो आणि तो तुकडा सोडून घेतो. बाकीचे लोक लाकूड मोजत असतात. भिंतीवरच्या खिळ्याला आता अकरा तुकडे झाले.

मला तिला काही पाठवता येत नाही, नदी वर वाहत नाही ना. वर्षातून दोनदा घोडे घेऊन नाव ओढत साक्कोपर्यंत जातो, तेव्हा तिच्या हातचं जेवतो.

तुझा बोर्तोलो


देसेन्झानो, २४ जुलै १८६६

चि. बोर्तोलो,

ऑस्ट्रियाशी पुन्हा लढाई चालू असताना हे पत्र कधी पोचेल देव जाणे, पण मला आज कोणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्याकडचे साहेब वाचणार असतील तर खुशाल वाचू देत, त्यांचे दिवस भरले!

कुस्तोझाला आपण मार खाल्ला हे खरं. पण प्रशियाने उत्तरेत ऑस्ट्रियाची पार कंबर मोडली आहे. आणि आपले लाल सदरेवाले स्वयंसेवक डोंगरांतून थेट त्रेन्तोच्या दिशेने, म्हणजे साक्कोच्या मुलखातच, निघालेत. जखमी पोरांनी भरलेल्या नावा तळ्यातून इथल्या काठाला लागतात. मी त्यांना सूप पाजते आणि विचारते, "बाबा, साक्को किती लांब राहिलं?" काल एकजण म्हणाला, "आजी, आठ दिवस. आमच्या आधी तुमचं सूप पोचवू."

ऐकलंस ना? नुसता तू नाहीस, मेनेगासुद्धा! सगळी नदी, वरपासून खालपर्यंत. मी शाल पेटीतून काढून उन्हात टाकली आहे. तीन वर्षांत कसर लागली नाही, म्हणजे देवाच्याही मनात आहे.

तिताचं सार्थक झालं रे. सात वर्षं मी लोकांची तोंडं बघत होते की कोणीतरी मला हे सांगेल. आज मीच स्वतःला सांगते आहे.

तुझी ताई


रिवालोंगा, २ सप्टेंबर १८६६

प्रिय ताई,

तुझं पत्र सहा आठवड्यांनी मिळालं. त्यानंतर काय झालं ते तुलाही ठाऊक असेलच. लाल सदरेवाल्यांना माघारी फिरायचा हुकूम झाला. त्रेन्तो जवळ आलं होतं म्हणतात. जवळ म्हणजे काय, तराफा पाहून मी काठावरून उठावं आणि तो पलीकडच्या घाटाला लागावा तसं झालं.

आता रेघ सरकणार आहे. मिंचोवरची पुसून टाकणार आणि इथून वर, दरी अरुंद होते तिथे, आदिजेवर नवी मारणार. रिवालोंगा इटलीत. साक्को ऑस्ट्रियात. मोजणारे येऊन खांब रोवून गेले. त्यांतल्या एकाला मी विचारलं, "साहेब, नदीचं काय?" तो म्हणाला, "नदी वाहू दे की, तिला कोण अडवतंय?"

गेल्या मंगळवारी तराफा आला. दोराला तीन गाठी होत्या, ताई. तिसरी अगदी लहान. मी तिथेच वाळूत बसलो. तराफेवाल्याने सांगितलेल्या हिशोबाने जानेवारीच्या थंडीत बाळ येईल.

तेवीस वर्षांची पोर, पहिलं बाळंतपण, आई नाही. मी ठरवलं होतं की डिसेंबरात घोडे घेऊन वर जायचं आणि बाळ होईपर्यंत तिथेच राहायचं. आता विचारतो तर कोणी सांगेना, परवाना कुठे मिळेल, कोण देईल, देईल की नाही.

तुझा बोर्तोलो


देसेन्झानो, १० ऑक्टोबर १८६६

चि. बोर्तोलो,

बातमी वाचून हसले आणि रडलेसुद्धा. पोरीला सांग, तिसऱ्या गाठीला आत्याचा आशीर्वाद.

रेघेचं मनाला लावून घेऊ नकोस. आज इथवर आली आहे, उद्या आणखी वर जाईल. मी सात वर्षं कळ काढली, तूही काढ. परवान्याचं काहीतरी होईल, आता आपलंच सरकार आहे.

महत्त्वाचं ऐक. एकवीस तारखेला तुमच्याकडे मतदान आहे, इटलीत यायचं का म्हणून. आम्हाला लोंबार्दीत कोणी विचारलंच नव्हतं. तहात नाव घातलं आणि झालो इटलीचे. बायकांना तर कुठेच विचारत नाहीत. तिता असता तर मत द्यायला नव्हे, मत मोजायला बसला असता. म्हणजे आपल्या घराण्यात 'होय' म्हणणारा तू एकटाच. तुझी चिठ्ठी तुझी एकट्याची नाही. त्यात माझी आहे आणि तिताची आहे. पेटीत टाकताना मनात त्याचं नाव घे. एवढंच मागणं आहे माझं, आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही तुझ्याकडे.

एक 'होय'ची चिठ्ठी टोपीत खोचून ठेव, सगळे खोचतात म्हणे. मी सान मार्तिनोच्या सणाला, अकरा नोव्हेंबरला तुझ्याकडे येते. शिक्का नाही, शिपाई नाही! तेव्हा ती टोपी मला दाखव.

तुझी ताई


रिवालोंगा, २४ ऑक्टोबर १८६६

प्रिय ताई,

मतदान पार पडलं. बँड वाजत होता, पाद्रीबाबा स्वतः सगळ्यांच्या पुढे, म्हाताऱ्या आन्सेल्मोला खुर्चीसकट उचलून आणला. प्रत्येकाच्या टोपीत 'होय'ची चिठ्ठी होती. माझ्याही होती. गावभर तिरंगी फडकी, कोणाचे पडदे, कोणाचे परकर.

संध्याकाळी शाळामास्तरांनी मोजणी वाचून दाखवली. सहाशे बारा 'होय', एक 'नाही'. 'नाही' म्हटल्यावर बँड थांबला. मग कोणीतरी ओरडलं, "ऑस्ट्रियाचा कुत्रा!" आणि पुन्हा बँड सुरू झाला.

अकरा तारखेला कोणत्या गाडीने येतेस? मी वेरोनाच्या स्टेशनावर येईन. चेस्टनट आणून ठेवले आहेत.

तुझा बोर्तोलो


देसेन्झानो, २९ ऑक्टोबर १८६६

चि. बोर्तोलो,

सहाशे बारा! मी शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यातली एक तिताची, असं म्हटलं तेव्हा शेजारच्या जोकोंदाने माझे हात धरले.

पण तो एक हलकट कोण? एवढ्याशा गावात कळत नाही म्हणजे काय? ऑस्ट्रियाच्या पगारावर जगलेला कोणीतरी असणार. दारूचा ठेकेदार? तो जकातीवरचा जुना कारकून? शोधून काढ, आणि मी येईपर्यंत थांब. त्याच्या दारात उभी राहून मी विचारणार आहे, माझ्या पोराने तुझं काय घोडं मारलं होतं? मला त्याच्या तोंडावर थुंकायचं आहे. मी वयाने मोठी आहे, मला कोणी काही म्हणणार नाही.

सकाळच्या गाडीने येते. शाल घेऊन.

तुझी ताई


रिवालोंगा, ४ नोव्हेंबर १८६६

ताई,

तो हलकट मी आहे.

तू दारात उभी राहिलीस तर मला खोटं बोलता येणार नाही, म्हणून आधीच लिहितो. आता यायचं की नाही ते तू ठरव.

खरं सांगतो, 'होय'च टाकायला निघालो होतो. तुझी चिठ्ठी टोपीत होती. सकाळी तराफा आला म्हणून आधी घाटावर गेलो. तीन गाठी होत्या, आणि दोराला नव्या नाक्यावरच्या तपासणीचं शिसं ठोकलेलं. शिशाचा चपटा गोळा, बटणाएवढा. माझ्या पोरीच्या गाठीवर कोणीतरी हातोडी मारली होती. तो तुकडा खिशात घेऊन मी शाळेत गेलो.

टेबलावर 'होय'च्या चिठ्ठ्यांचा ढीग होता. 'नाही'च्याही होत्या, दगडाखाली दाबून ठेवलेल्या, कोणी हात न लावलेल्या. बँड आला म्हणून मास्तरांनी खिडकीकडे मान वळवली. माझा हात दगडाखाली गेला.

राजाशी माझं वाकडं नाही. ऑस्ट्रिया मला नकोच होता. पण रेघ कुठे असावी हे त्या चिठ्ठीत विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी लिहिलं असतं. नुसतं होय की नाही. मला माहीत होतं, सहाशे लोकांत माझ्या एकाने काही अडणार नाही, देश होणारच. फक्त मोजणाऱ्याच्या हाताला एकदा लागावं की त्या रेघेखाली कोणीतरी माणूस आहे.

तिताचं नाव घेतलं होतं, ताई. तू सांगितल्याप्रमाणे घेतलं. त्याचं नाव घेऊन 'नाही' टाकलं. ते माझं मला सुटत नाही.

बोर्तोलो


रिवालोंगा, ३० मार्च १८६७

प्रिय ताई,

सान मार्तिनोच्या दिवशी मी वेरोनाच्या स्टेशनावर गेलो होतो. तिन्ही गाड्या पाहिल्या. त्यानंतर तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तुझा राग मला मान्य आहे. तरी हे ऐकून घे.

थंडीत नदीवर तराफे बंद होते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पहिला आला. दोराला एकच गाठ. खालचा भाग सुरीने कापल्यासारखा. आमच्या भाषेत त्याचा अर्थ एकच होतो. मेनेगा आहे, जेर्वासिओ नाही आणि बाळही नाही. तराफेवाला नवा होता, तो म्हणाला, मला माहीत नाही, मी बोल्झानोहून आलो.

मी तसाच चालत निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी नाक्यावर पोचलो. परवाना नाही म्हणून अडवलं. पलीकडचा शिपाई आपल्यासारखंच बोलणारा, 'आला' गावचा पोरगा. मी त्याला तुटका दोर दाखवला. तो दोराचं टोक चाचपत म्हणाला, "आजोबा, हा मीच कापला. लाकडांत तंबाखू लपवतात म्हणून सगळे दोर कापून बघायचा हुकूम आहे. मला काय माहीत हे पत्र होतं!"

त्या पोराने साक्कोला निरोप धाडला. मी नाक्याजवळ एका सुताराच्या पडवीत राहिलो. तिसऱ्या दिवशी मेनेगा आली, जेर्वासिओ आला, आणि शालीत गुंडाळलेलं बाळ. मुलगी आहे. मधे आडवा दांडा होता. शिपायाने आमच्याकडे पाठ केली आणि बराच वेळ नदीकडे बघत उभा राहिला. तेवढ्यात मी तिला घेतलं.

मेनेगाने तिचं नाव ओर्सोला ठेवलंय. मी सुचवलं नव्हतं.

तुझा बोर्तोलो


रिवालोंगा, १५ मे १८७०

प्रिय ताई,

शेवटचा घोडाही गेला. तराफे आता महिन्याला एखादा, बाकी सगळं लाकूड आगगाडीने जातं. आगगाडीला दोर बांधता येत नाही. छोटी ओर्सोला तीन वर्षांची झाली, परवाना अजून हाती आला नाही, म्हणून वर्षातून एकदा मे महिन्यात दांड्यापलीकडून बघायला मिळते. मागच्या आठवड्यात मला म्हणाली, "तुम्ही नेहमी त्या बाजूलाच का उभे राहता?"

तू जिवंत आहेस की नाही एवढं मला कळू दे. लिहायचं नसेल तर लिहू नकोस. कोरा कागद पाकिटात घालून पाठवलास तरी चालेल. पत्ता तुझ्या अक्षरात असेल ना.

तुझा बोर्तोलो


देसेन्झानो, २६ जून १८७०

माझ्या बोर्तोलो,

कोरा कागदच घ्यायला बसले होते. पण आता लिहायलाच हवं.

सान मार्तिनोला एक प्रार्थनामंदिर केलंय. गेलं वर्षभर शेतांतले खड्डे उकरून हाडं काढत होते. परवा, चोवीस तारखेला, ते सगळ्यांसाठी उघडलं. मी गेले होते. वेदीच्या मागे भिंतभर कवट्या रचल्या आहेत, वरपासून खालपर्यंत, फडताळात भांडी लावावीत तशा.

आता तुला माझं खोटं सांगते. तुतीचं झाड नाही. क्रूस नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या पलटणीतल्या एका जखमीकडून कळल्यावर मी बेकरीवाल्याच्या गाडीवर बसून तिसऱ्या दिवशी तिथे पोचले, तोवर उन्हामुळे सगळ्यांना घाईघाईने खड्ड्यांत लोटलं होतं. कोणता कुठे, सांगायला कोणी नव्हतं. मी दर रविवारी जायचे ते नुसती बांधावरून फिरायला. तुला लिहिलं की थडगं आहे, मग शेजारणींना तेच सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही ते झाड दिसायला लागलं.

म्हणून परवा मी तुटका दात शोधत होते. तुझ्या घोड्याने तोडलेला. म्हटलं, त्यावरून तरी सापडेल. एकेका कवटीपुढे थांबले. बोर्तोलो, निम्म्याअधिकांचे दात तुटलेले आहेत. मी तिथल्या माणसाला विचारलं, "यात आपले कुठले आणि ऑस्ट्रियाचे कुठले?" तो म्हणाला, "बाई, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. सगळे एकत्रच निघाले." ज्या भिंतीपुढे मी गुडघे टेकले तिथे माझं पोर असेल, किंवा त्याला मारणारं असेल. मी दोघांसाठी मेणबत्ती लावली. एकाचं नाव घेतलं, दुसऱ्याचं माहीत नव्हतं. त्यालाही कोणी नाव ठेवलं असेल.

परतताना तुझ्या मताचा विचार करत चालले. सहाशे बारा आणि एक. तू तिताचं नाव घेऊन 'नाही' टाकलंस याचा राग मला साडेतीन वर्षं पुरला. तुझं पत्र आलं की फोडून वाचायचे, आणि दुमडून शालीत ठेवायचे. दहा पत्रं आहेत. बाळाचं नाव वाचलं त्या दिवशी पेन हातात घेतलं होतं. मग म्हटलं, नाही, आधी त्याने माफी मागावी. तू तर मी न आल्यावर लिहिलेल्या पहिल्याच पत्रात मागितली होतीस.

एक गोष्ट मला परवा कळली, आणि ती कळल्यापासून जेवण गेलेलं नाही. सात वर्षं मी ऑस्ट्रियाला शिव्या दिल्या, की मला माझ्या भावाकडे जाऊ देत नाही. त्यानंतर नाकं उठलं, शिपाई गेले, गाडी सव्वा तासात वेरोनाला पोचते, आणि साडेतीन वर्षं मला कोणीही अडवलं नव्हतं.

येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. चार दिवस तुझ्याकडे राहीन, मग आपण दोघं परवाना काढू आणि साक्कोला जाऊ. मी शपथ घेतली होती ते आठवतं मला. मारू दे त्यांना शिक्का, कागदावर मारू दे नाहीतर कपाळावर. छोटीला शाल द्यायची आहे. पोलेंटा दोघांपुरता टाक.

आणि एक. अकरा वर्षांत तू कसा दिसायला लागलास मला ठाऊक नाही. मला माझ्या पोराला ओळखता आलं नाही, तर स्टेशनाच्या गर्दीत म्हातारा भाऊ कुठून ओळखणार? हातात मेनेगाचा दोर धरून उभा राहा. तीन गाठींचा. मी आले की एक टोक माझ्या हातात दे, आणि या खेपेला आधी सोडू नकोस.

तुझी ताई
ओर्सोला